धूमकेतूचा मोतीबिंदू

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घेतलेले शिंपीदादा दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं, आणि दादांच्या कानांत काही कुणी थेंब घातले नव्हते.

“अहो, चला घरी! आमच्या आकाशदर्शन मंडळातल्या ताईंचा फोन होता. माझे डोळे ठणठणीत आहेत, धूमकेतूच फुटलाय!”

“कुणी फोडला?”

“फुटला म्हणजे उजळला हो! परवा मिणमिणत होता, काल फुगून लखलखला. सगळ्यांनाच तसा दिसला.”

“पण कशानं?”

“नक्की कुणालाच ठाऊक नाही. म्हणतात, उन्हानं आतला बर्फ तापतो, वाफ कोंडते आणि कवच तडकून धूळ उधळते. नाहीतर एखादा कडा ढासळत असेल.”

“वाफ कोंडते आणि मग भडका! तुझ्या माहेरचाच दिसतोय.”

“माहेर काढू नका! माझ्या दुर्बिणीला जन्मभर डबडं म्हणालात, आणि काल तो फुगलेला दिसतोय म्हटलं, तर मोतीबिंदू म्हणून आज मला इथे ओढत आणलंत.”

“अगं, हळू. मलाही तसाच दिसला.”

“तुम्ही कधी बघितलात?”

“तू दूध तापवायला आत गेलीस की बघतो. रोज.”

“मग तपासायला मला का आणलंत?”

“थेंबांची भीती वाटते गं. म्हटलं, आधी तुझ्या डोळ्यांत घालून बघू.”

“दादा, हसू नका!” नर्सबाई ओरडल्या. “सगळं औषध गालावर आलं!”