धर्माम्बाळ अक्कांचा हात

सन्माननीय अध्यक्ष राजलक्ष्मी अम्मा, प्रमुख पाहुणे डॉक्टर सेंगुट्टुवन, आपल्या महिला फराळ संस्थेच्या सर्व भगिनी, त्यांच्याबरोबर आलेली घरची मंडळी, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या धर्माम्बाळ अक्का, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. तीस वर्षं इथे मन्नारगुडीतच भूगोल शिकवला, पण वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलता येतं. माझी पत्नी कोदै असती तर आज तीच इथे उभी राहिली असती. संस्थेचं सगळं पीठ तिच्या हाताखालून जायचं. तिला जाऊन आठ महिने झाले. तिच्या जागी मी बोलावं असं समितीनं ठरवलं, त्याबद्दल मी आभारी आहे.

अक्का बावीस वर्षं इथे होत्या. त्यांनी हातानं वळलेला, चकलीसारखा मुरुक्कु आठवतो ना? सात वेढे, आणि जोड कुठे दिसायचा नाही. मी एकदा हौसेनं बसलो. तीन वेढ्यांतच पिठाचा लगदा झाला. अक्का म्हणाल्या, "मास्तर, हा कुठल्या बेटाचा नकाशा?" आतून कोदै ओरडली, "धर्मा, त्यांना पिठापासून लांब ठेव. ते शाळेतच बरे!" चारच्या कॉफीबरोबर तो लगदा तळून मलाच खायला घातला.

पण या बावीसपैकी शेवटची चार वर्षं अक्कांनी पिठाला हात लावलेला नाही. त्या पिशव्या भरत होत्या. का, ते या सभागृहात बहुतेकांना ठाऊक आहे. पाहुण्यांना नसेल. मला फक्त गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलं होतं. अध्यक्षांनी थोडा वेळ जास्त द्यावा, ही विनंती.

चार वर्षांपूर्वी, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, सीडैचे घाणे चालले होते. तांदळाच्या पिठीच्या त्या बोराएवढ्या गोळ्या. हात सैल ठेवून वळाव्या लागतात. घट्ट वळल्या किंवा पिठात एखादी कणी राहिली, तर तेलात फुटतात. पहिला घाणा नीट निघाला. दुसऱ्यात गोळ्या फटाक्यांसारख्या उडाल्या. कढईपाशी कनकवल्ली होती. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत तेल गेलं. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे.

"कुणी वळल्या या?"

"धर्माक्कानं. दुसरं कोण? सकाळी सुनेशी भांडून आली होती. रागाचा हात घट्टच पडणार."

अक्का म्हणाल्या, "भांडून आले, हे खरं. पण हात सैलच होता गं. उरलेल्या गोळ्या बघा की."

उरलेल्या कुणी बघितल्या नाहीत. अशुभ म्हणून त्या तोवर गाईपुढे टाकल्या होत्या. "पीठ?" असं एकीनं विचारलं, तर बाकीच्या तिच्यावर हसल्या. कोदैचं पीठ! तांदूळ धुवून सावलीत सुकवायचे, थोडे दमट असतानाच दळायचे, पिठी भाजून दोनदा चाळायची. त्यात कणी कुठून येणार? समितीनं अक्कांना वळणाऱ्या बायकांतून उठवून पिशव्यांवर बसवलं. त्या बैठकीत कोदै होती. ती काही बोलली नाही. तेव्हापासून नवी मुलगी घट्ट वळू लागली की तिला म्हणतात, "ए, धर्माहात नको!" मीही हे ऐकून हसलो आहे.

कोदै अंथरुणाला खिळली तेव्हा अक्का रोज दुपारी यायच्या. तिचे पाय चोळायच्या. एक दिवस अक्का गेल्यावर कोदै मला म्हणाली, "अहो, त्या दिवशी मी एकदाच चाळलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"कनका भाजली त्या दिवशी. मला भोवळ येत होती. म्हटलं, एकदा पुरे. आणि मग तोंडच उघडलं नाही. धर्मा पाय चोळते आणि मी झोपेचं सोंग घेते. तिला परत बोलवा, आत्ताच."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आधी बरी हो. मग तूच सांग." ती बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. नवव्या दिवशी ती गेली.

इथे आत, संस्थेच्या भिंतीवर तिचा फोटो लावलाय. रोज त्याला ताजा हार असतो, तोही बहुतेक वेळा अक्काच आणतात. आठ महिने मी हे सांगायला यायचो आणि तो हार बघून परत फिरायचो. माझ्या बायकोचं नाव माझ्याच तोंडानं खाली येईल, ते मला सोसवत नव्हतं. आजही सोसवत नाही. पण उद्यापासून अक्का इथे नसतील, आणि त्यांच्या नावाची ती शिवी मात्र राहील.

म्हणून सांगतो. त्या दिवशी चूक पिठात होती. अक्कांच्या हातात नव्हती. कनका, तुलाही हे आधीच कळायला हवं होतं. कोदैला सांगायचं होतं, तिला मी थांबवलं. तेवढा भाग माझा आहे, तो तिच्या खात्यात घालू नका.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुणे इतक्या लांबून आले, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, नावं घ्यायची राहिली असतील, त्याची सभेनं क्षमा करावी. बाकीच्याची क्षमा सभेकडे मागून उपयोग नाही, आणि जिच्याकडे मागायची तिनं ती इथे, सगळ्यांसमोर, संकोचानं द्यावी असंही मला वाटत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे लिहिलं आहे की अक्कांना शाल मी घालायची. ती मी घालणार नाही. शाल या टेबलावर ठेवतो. अक्का, ती कुणाच्या हातून घ्यायची, की घ्यायचीच नाही, ते तुम्ही सांगा. घाई नाही. आम्ही थांबतो.