एक सायकल, दोन पाळ्या

मी सुमन, मूळची राहू गावची, पण वाढले केडगाव स्टेशनाच्या सायकल स्टँडवर. वडील स्टँड सांभाळायचे, त्यांच्यामागं मी उभी राहिले. पोरीची जात गेटवर उभी राहती म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली, आमच्या बुद्धवस्तीतल्यांनीसुद्धा. पण भीमजयंतीची पत्रकं मीच लिहायची आन् माईकवर वाचायची, तवा कुणापुढं बोलायची भीती मला कवाच नव्हती.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या स्टँडची रीतच निराळी. नामदेवमामा आन् त्यांचा धाकटा भाऊ दत्तू, दोघं हडपसरला कारखान्यात, मामा रातपाळीला, दत्तू दिवसपाळीला, आन् घरात सायकल एकच. दत्तू सकाळी सायकल लावून पुण्याच्या शटल गाडीनं जाणार, तासाभरानं मामा पुण्याकडनं उतरणार आन् तीच सायकल घेऊन राहूला जाणार. संध्याकाळी उलटं. अशा आठ-धा जोड्या. पावती कुणी मागत नव्हतं, माणूस वळखायचं आन् सायकल सोडायची.

मग ठेकेदार बदलला, त्यानं मशीन आणलं. सायकलीचा नंबर दाबला की पावती निघायची, आन् पावती दाखवल्याबिगर सायकल सुटायची न्हाई. मशीनला मी नावं ठेवत न्हाई, सुरू व्हायच्या आधीच मी ते शिकले होते. पण पहिल्याच सकाळी मामा उतरले, रातभर उभं राहून काम केल्यालं माणूस, आन् पावती दत्तूच्या खिशात, दत्तू पुण्यात. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणला पावती आणा. मामा म्हणले, आरं बाबा, ती संध्याकाळी यील. मग संध्याकाळपतूर बसा, म्हणला. बसले की हो मामा फरशीवर, संगं आनिक सात जण.

माझं डोकंच फिरलं. आठी सायकली सोडल्या. सुपरवायझर म्हणला, उद्यापास्नं यायचं न्हाई. मी म्हणलं, मला काढता ते कारणासकट लेखी द्या. लेखी काय दिलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी, जोडीतल्या कुणालाबी सायकल सोडा, असं हातानं लिहिलेलं निवेदन घेऊन मी गेटबाहेर उभी राहिले. दत्तूनं सायकल आत लावलीच न्हाई, माझ्यामागं रस्त्याकडंला लावली. त्याचं बघून बाकीच्यांनी. चार दिवस स्टँड रिकामा आन् मशीन गप. मग ठेकेदार स्वतः आला. म्हणला, बाई, सायकल चोरीला गेली तर कुणाला धरायचं?

— एका सायकलीला दोन नावं टाका मशीनमधी. आन् तिसरं माझं. मला धरा.

पुण्याहून मशीनवाला आला, अर्ध्या दिसात करून गेला. अर्ध्या दिसाचं काम, आन् त्यापायी कामावरनं आल्याली माणसं फरशीवर बसवली यांनी. आधी आमाला इचारलं असतं तर यांचं काय झिजलं असतं?

मी परत गेटवर हाय. आता म्हणत्यात, नवा ठेका निघणार, गेटवर माणूसच नको, नुसतं कार्ड आन् खांबावर कॅमेरा. आणा की. फकस्त कार्ड घरी राहिलं तर मामांनी खांबाला काय सांगायचं, ते मला लेखी द्या. मग मी घरी जाती.