कानटोपीखालचं गाणं

रात्रपाळी उरकून बसच्या रांगेत उभ्या असलेल्या नर्सचे डोळे मिटत होते, पण कान टक्क जागे होते. तिच्या पुढे दोन म्हातारे मित्र बोलत होते.

"एवढ्या उन्हात कानटोपी कशाला रे?"

"हळू बोल. आत कानाचं यंत्र आहे."

"ते तर तू कपाटात टाकलंस ना? शिट्टी मारतं म्हणून?"

"तुझ्या वहिनीला अजून तसंच वाटतंय. सोमवारपासून मी गुपचूप लावतोय."

"मग? काय ऐकलंस?"

"आमचं दार कुरकुरतं. मी आपला वर्षभर छातीठोकपणे सांगत होतो, कुरकुरत नाही म्हणून."

"एवढंच?"

"आणि ही गाते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. मला ऐकू येत नाही या भरवशावर, अगदी मोकळ्या गळ्यानं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी एक ओळ गुणगुणली नव्हती."

"बरं गाते?"

"सूर एकीकडे, ताल दुसरीकडे. पण मी पेपर उलटा धरून ऐकत बसतो."

"मग सांग की तिला."

"खुळा आहेस का? सांगितलं की गाणं बंद."

तेवढ्यात समोरच्या दुकानातून पिशवी सावरत त्याची बायको आली. गुणगुणतच आली. जवळ येऊन नवऱ्याच्या कानाशी ओरडली, "बस गेली का?"

त्यानं कानामागे हात धरला. "काय?"

"राहू दे," ती म्हणाली, आणि सोडलं होतं तिथूनच तिनं गाणं पुन्हा उचललं.