चिकटलेली रिंग

बायको गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, त्याला आज चार महिने झाले. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गाडीची चावी देऊन मी बसलो. शेजारी एक नवरा-बायको होते.

"अहो, ऑइल घरीच बदलू ना."

"मागच्या वेळचं विसरलीस? जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. मी तिच्यावरच नवा फिल्टर बसवला आणि सगळं ऑइल अंगणात."

"म्हणून काय जन्मभर पान्याला हात लावणार नाही?"

"किती हसलीस तेव्हा!"

"हसणारच. पुसलंही मीच."

"पुन्हा चुकलो तर?"

"या वेळी टॉर्च मी धरते. जुनी रिंग निघालेली बघितल्याशिवाय नवा फिल्टर हातातच देणार नाही."

"मग ऊठ. चावी परत घेऊ."

ती दोघं गेली. मीही चावी परत मागितली. गाडी घरी आणली, पण टॉर्च धरायला आता बायको नाही. ऑइल अजून बदलायचं आहे.