क्रोटन, रंगीत, एक नग

कारकून: मावशी, तुम्हाला कामावरून काढलं.

मावशी: काय?

कारकून: काही नाही. मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही. चार वाजता पत्र सही होऊन येईल, तेव्हा मी सांगेन आणि तुम्हाला धक्का बसेल. तोवर बसा. दमलेल्या दिसताय.

मावशी: तीन मजल्यांच्या कुंड्यांना पाणी घालून आलेय. दमलेली नाही तर काय नटलेली दिसणार? आणि भाऊ, काढलं कशामुळे?

कारकून: अजून काढलेलं नाही. काढलं असतं, तर त्या क्रोटनमुळे.

मावशी: दुसऱ्या मजल्यावरच्या? त्याला काय धाड भरलीय? आत्ताच पाणी घातलं त्याला.

कारकून: ते चोरीला गेलंय.

मावशी: अहो, आत्ताच पाणी घातलं म्हणतेय.

कारकून: तपासणीला साहेब आले होते ना, त्यांनी यादी उघडली. यादीत आहे, ‘क्रोटन, रंगीत, लाल-पिवळे, एक नग’. जागेवर बघितलं तर हिरवंगार. त्यांनी शेरा मारला, रंगीत झाड गहाळ, त्याच्या जागी एक अनधिकृत हिरवे झाड आढळले.

मावशी: तेच आहे हो ते. जिन्याच्या खिडकीत होतं तेव्हा कसं लालभडक होतं. मग तुम्ही लोकांनी खिडकीपुढे कपाट आणून उभं केलं आणि ह्याला ढकललं लिफ्टमागच्या बोळात. क्रोटनला ऊन नाही मिळालं की ते हिरवं पडतं. जुनी पानं गळतात, नवी येतात ती हिरवीच. आठ महिने झाले. तुम्ही बसा तिथे आठ महिने, मग बघू कुठला रंग उरतो.

कारकून: मी अकरा वर्षं ट्यूबलाइटखाली बसलोय. माझा रंग यादीत नाही, म्हणून निभावलं.

मावशी: कुंडीवरचा नंबर बघा म्हणावं त्यांना.

कारकून: बघितला. कुंडी तीच आहे. म्हणूनच ते म्हणतात, चोर आतला आहे आणि हुशार आहे.

मावशी: हुशार म्हणजे मी?

कारकून: लेखी आहे.

मावशी: जन्मात पहिल्यांदा कुणी म्हटलं, तेही असं. बरं, एक झाड नेलं आणि एक ठेवलं, तर फिटंफाट झाली की.

कारकून: नाही ना. एक कमी भरलं, त्याचा एक ठपका. एक जास्त भरलं, त्याचा दुसरा. इथे वजाबाकी करत नाहीत.

मावशी: भाऊ, मला हसू येत नाहीये. ह्यांचं दवाखान्याचं कार्ड माझ्या नोकरीवर आहे. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला मशीनवर न्यावं लागतं. काम गेलं की कार्ड गेलं. कार्ड गेलं की पुढचं तुम्हीच जोडा.

कारकून: ठाऊक आहे. म्हणून तर आधी सांगितलं. म्हणजे, नाही सांगितलं.

मावशी: मग ते कपाट सरकवा. झाड खिडकीत ठेवते. ऊन लागलं की नवी पानं रंगीतच येतील. आणा मग तुमच्या साहेबांना बघायला.

कारकून: कपाट हलवायचं तर आत काय आहे ते लिहून द्यावं लागतं.

मावशी: काय आहे?

कारकून: काही नाही. पण किल्ली हरवलीय, त्यामुळे रिकामं आहे हे सिद्ध होत नाही. तोवर ते भरलेलं धरलंय. गोपनीय कागदांनी.

मावशी: देवा. मग गच्चीवर नेते उचलून.

कारकून: हात लावू नका. पुरावा हलवला म्हणतील. पाणीसुद्धा घालायचं नाही, असं पत्रात आहे.

मावशी: अहो, वाळेल ते.

कारकून: वाळलं की पिवळं पडेल. निम्मं तरी यादीशी जुळेल.

मावशी: तुमची बायको तुमच्याशी बोलते का हो?

कारकून: कामापुरतं. रंग यायला किती दिवस लागतील?

मावशी: दीड महिना. ऊन चांगलं पडलं तर.

कारकून: आणि आत्ता वाजलेत तीन.

मावशी: मग मुदत मागा माझ्यासाठी. तुमचं अक्षर चांगलं आहे.

कारकून: मुदत मागायची पत्र हातात पडल्यावर. आणि पत्र पडलं की तुम्ही इथल्या कर्मचारी राहत नाही. बाहेरच्यांचे अर्ज आम्ही घेत नाही.

मावशी: म्हणजे आधी मागता येत नाही आणि नंतर चालत नाही.

कारकून: नियम माझा नाही. मी फक्त पाठ केलाय.

मावशी: मग आजच मागते. आज मी आहे ना अजून कामावर? लिहा.

कारकून: काय मागू?

मावशी: आजचे चार वाजू देऊ नका म्हणावं.

कारकून: मावशी, असा अर्ज या कार्यालयात कधी आलेला नाही.

मावशी: म्हणजे कुणी नाकारलेलाही नाही.

(कारकून खणातून कोरा कागद काढतो आणि बराच वेळ लिहितो.)

कारकून: ऐका, आणि पटलं तर खाली सही करा. ‘महोदय, सदर हिरवे झाड हे मूळचे रंगीत झाडच असून अंधारात ठेवल्याने हिरवे पडले आहे. ते उन्हात ठेवल्यास पुन्हा रंगावर येण्यास दीड महिना लागेल. तरी तोपर्यंत आजचीच तारीख व तीनचीच वेळ चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.’