मागच्या भिंतीवरची बाई

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते आणि पलीकडे उजव्या डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजी.

“त्या दिवशी मी देवळात दर्शन घेऊन आले, तरी तुम्ही आपले मागच्या भिंतीपाशीच.”

“अगं, आठशे वर्षांची भिंत आहे ती.”

“भिंत कसली, भिंतीवरच्या बाईवरून नजर हलत नव्हती तुमची.”

“तिचे डोळे कोरायचे राहिलेत. दागिने झाले, बोटांची नखंसुद्धा झाली. डोळे सगळ्यात शेवटी कोरतात, तेवढेच राहून गेले.”

“मग तुमचं काय अडलं होतं?”

“काही नाही. बिचारी अजून वाट बघतेय, असं वाटलं.”

“आणि माझ्या ऑपरेशनसाठी हात जोडायचे होते, त्याचं काय?”

“जोडले की.”

“कधी? गाभाऱ्यात तर फिरकला नाहीत.”

“तिथेच जोडले. तिच्यासमोर.”



“आजी, चला, पट्टी सोडू या,” नर्सने दारातून हाक मारली.

“हात द्या हो. आणि दिसायला लागलं की आधी तिकडेच न्या मला.”

“दर्शनाला?”

“छे. त्या दिवशी सगळं धूसरच होतं. बघू दे तरी, एवढं काय आहे तिच्यात.”