खात्रीसाठी एक फोन नंबर

हॅलो?… हॅलो, टेसा? बोल गं… नाही, झोपले नव्हते. पोर्चमध्ये बसलेय पांघरूण घेऊन. जून असला म्हणून काय झालं, मला हल्ली थंडीच वाजते… अगं खाल्लं, खाल्लं! चर्चमधल्या बायका परत तेच माशाचं नि नूडल्सचं देऊन गेल्यात. तुझी वॉन्डामावशी पुढ्यात बसून भरवते. तिच्यापेक्षा जेलर बरा.

तुझं सांग. गेला का अर्ज?… मेडिकल कॉलेजचा गं, दुसरा कुठला! अजून अडकलाय?… काय म्हणाली ती तुमची सल्लागार बाई?… मार्क चांगले आहेत, पण उठून दिसेल असं काही नाही? तिला म्हणावं… बरं, बरं. नाही बोलत.

आणि ती तुझी रूममेट? ब्लेअर… तिनं काय लिहिलं अर्जात?… पेरू देशात जाऊन आली? तिथे जाऊन काय दिवे लावले?… ऑपरेशन चालू असताना टॉर्च धरला! वा गं वा. आणि तुझ्या वर्गातला तो दुसरा पोरगा?… कुत्रा घेऊन म्हाताऱ्यांच्या वॉर्डात फिरतो? मग कुत्र्यालाच द्या म्हणावं ॲडमिशन.

हसलीस ना? हसलीस! बरं वाटलं बघ.

हं, तू काय काय भरलंस?… मोफत दवाखान्यातलं काम… लॅब… आणि? अगं, आणि मागचं अख्खं सेमिस्टर सोडून घरी येऊन राहिलीस ते?… ऐक ना. ऐक आधी! ती सल्लागार बाईच म्हणाली ना, घरच्या आजाऱ्याचं केलेलंही धरतात म्हणून? मग घाल की!… का नाही? ब्लेअरनं टॉर्च धरला ते काम, आणि तू माझ्या ओकारीचं भांडं धरलंस ते काम नव्हे होय? पोटातली नळी कोण धूत होतं?… आणि मला दुखायला लागलं की मी तुला वाट्टेल ते बोलायचे, तेही घाल. पेरूत कोणी शिव्या घातल्या नसतील तिला.

टेसा… अगं, माझ्या दुखण्याचा बाजार मांडतेस असं कोण म्हणालं? मीच सांगतेय ना! एवढं भोगलं, त्यातनं तुझं एक पाऊल तरी पुढे पडू दे. माझा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. माझी लेक डॉक्टर झालेली मला… झाली पाहिजेस तू, बास.

काय?… आधीच घातलंस? मग अडलंय कुठे, शहाणे?

केलेल्या कामाची खात्री करायला कोणाचं तरी नाव नि फोन नंबर?… हात्तिच्या! माझा दे की. आला फोन तर असं सांगते त्यांना, की… वॉन्डाचा? वॉन्डाचा कशाला? ती तर तेव्हा फ्लोरिडाला उन्हात लोळत होती! केलंस तू, भोगलं मी, आणि सांगणार वॉन्डा?… नाही, रागावले नाही. पण कारण तरी सांगशील?… टेसा?

कधी करतात ते फोन?

…पुढच्या वर्षी.

हं…

नाही. नाही गं, आहे मी. ऐकतेय… अगं, रडू नकोस अशी. बरोबर केलंस तू. पुढच्या वर्षी फोन उचलायला कोणीतरी हवंच ना. वॉन्डाचाच दे. मी सांगून ठेवते तिला सगळं, नळीचं, गोळ्यांचं… तिला कुठे काय ठाऊक आहे.

नाही! यायचं नाही. उद्या दवाखान्यात कामाला जायचंय तुला. आत्ता खाडे केलेस तर तुझ्यासाठी शिफारशीचं पत्र कोण देईल?… मी ठीक आहे म्हटलं ना. वॉन्डा आहे इथे… हो, अंघोळीलाही तीच… हो… हो गं…

टेसा, मला भीती वाटते गं.

…नाही, वॉन्डाला नाही सांगितलं. कोणालाच नाही… पोर्चवरनं आत जायलासुद्धा नको वाटतं. ती माझी खोली, तो पलंग… हो… हो. ये. मरू दे तो दवाखाना, ये तू… नाही, काही आणू नकोस. काही नको मला… अगं, मग आता बोलत काय बसलीस? ठेव फोन आणि नीघ.